सातवी बादली

माहजूबाच्या हाताखालून गेली नाही अशी एकतरी बाई सले शहरातल्या आमच्या गल्लीत दाखवा, मी हमामखान्याच्या दाराशी असलेलं माझं स्टूल सोडून देईन. मी बतूल. बायका आंघोळीला येतात तेव्हा त्यांचे कपडे, बांगड्या नि भानगडी सांभाळायला दाराशी बसते. माहजूबा आत, गरम खोलीत. बावीस वर्षं ती खरखरीत हातमोजा चढवून बायकांची अंगं चोळतेय. तिनं पाठीवर पंजा ठेवला की दुखणं कुठं दडलंय ते तिला आधी कळायचं, बाईला मागाहून.

त्याच माहजूबाचा उजवा हात एका वसंतात वर जाईना. वय सत्तेचाळीस. आधी खांदा दुखला, मग सकाळी बोटं मिटेनात, गुडघे कुरकुरायला लागले. आमच्याकडे सांधा दुखला की कारण एकच, थंडी शिरली. गरम खोलीतून निघून गार फरशीवर पाय ठेवला असशील, शिरली थंडी! मीच शहाणी पुढे झाले. लोकरीच्या शालीनं तिचा हात छातीशी करकचून बांधला नि म्हटलं, "आता हलवायचा नाही. ऊब घे नि पडून राहा."

दोन महिने तिनं माझं ऐकलं. हात लाकडासारखा आखडला. वेणीसुद्धा तिची लेक गिझलान घालायची.

आणि गिझलानचंच लग्न ठरलेलं होतं, ऑलिव्हचं पीक उतरल्यावर. लग्नाआधीच्या न्हाणात नवरीवर सात बादल्या ओततात. सहा मैत्रिणींच्या, सातवी अंग चोळणारीची. काठोकाठ भरलेली, डोक्याच्या वर उचलून एका दमात ओतायची. गल्लीतल्या दीडशे नवरींवर ती माहजूबानं ओतली होती. नवऱ्यामुलाची आत्या एकदा गोड आवाजात म्हणाली, "हात दुखतो ना बाई? आमच्याकडची बाई आणू की." माहजूबा हसली, पण घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली. हे मला गिझलाननं सांगितलं. मग मात्र मीच तिला ओढत दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरणी होती. तिनं आधी शाल सोडली. "हात कुणी बांधला?"

माहजूबानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे.

"थंडी शिरलीय," माहजूबा म्हणाली.

"पाळी येते वेळेवर?"

"कधी दोन महिने नाही, कधी पंधरा दिवसांत."

"रात्री घामानं जाग येते?"

"चादर पिळावी लागते."

"थंडी शिरलेल्या बाईला असा घाम येतो होय गं, खाला?"

माहजूबानं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी शालीची घडी घालायला लागले.

साखर नि थायरॉइड तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी समजावलं. पाळी जायच्या दिवसांत शरीरातलं बाईपणाचं द्रव्य कमीजास्त होतं, त्यानं कित्येक जणींचे सांधे नि स्नायू दुखतात. तुझा खांदा तर आखडलाच, आणि बांधून ठेवल्यानं जास्तच. दुखण्यावर चार दिवस गोळी घे. फारच त्रास झाला तर त्या द्रव्याचं औषधही आहे, तुझी प्रकृती बघून ठरवू. "ऊब चांगलीच आहे. पण ऊब घेऊन निजू नकोस, हात हलव. सोसेल इतकंच, पण रोज. मग हळूहळू वजन उचल. आणि नुसत्या पाव-चहावर राहू नकोस. सार्डिन मासळी खा, डाळ खा."

दुसऱ्या दिवसापासून गरम खोलीत नवाच तमाशा. माहजूबा भिंतीला तोंड करून उभी, बोटं भिंतीच्या फरशांवरून मुंगीसारखी वर चढवतेय. जिथं अडेल तिथं मेंदीचा ठिपका. बायका खिदळायच्या, "काय गं, छताला चुना लावतेस?" ती दात आवळून म्हणायची, "तुझ्या नवऱ्याच्या तोंडाला लावते, थांब!" आठवड्याला एखादी फरशी सर व्हायची. एका आठवड्यात ठिपका उलट खाली आला. त्या दिवशी तिनं हातमोजा भिंतीवर फेकून मारला, नि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहिली. उन्हाळ्यात रिकामी बादली उचलली, मग पाव भरलेली, मग अर्धी. स्टुलावरून हात न टेकता उठबस, तीही रोज.

न्हाणाच्या दिवशी गिझलान मेणबत्त्यांच्या मधोमध बसली. सहा बादल्या झाल्या. आत्याबाईंनी स्वतःची बाई आणलीच होती. ती पुढे सरकली तशी माहजूबा म्हणाली, "बस गं, संत्रं खा." मग तिनं बादली भरली. काठोकाठ. मी दाराचं स्टूल सोडून आत धावले होते. बादली कमरेपर्यंत आली, खांद्यापर्यंत आली, तिथं क्षणभर थरथरली. आणि गेली वर! मेंदीच्या शेवटच्या ठिपक्याच्याही वर. सगळं पाणी एका दमात लेकीवर पडलं. हमामखाना बायकांच्या हाळ्यांनी दणाणला. मी तर परत दाराशी स्टुलावर येऊन बसले नि ओक्साबोक्शी रडले. अभिमानानं रडायला मला लाज वाटत नाही.

ओल्या केसांनीच माहजूबा माझ्यापुढे आली, खाली वाकली नि माझा झगा गुडघ्यापर्यंत सारला. दोन्ही गुडघ्यांना लोकर गुंडाळलेली होती. वर्षभर लपवली होती मी, तिच्यापासूनसुद्धा.

"बावीस वर्षं पाठी चोळतेय मी," ती म्हणाली. "तू स्टुलावरून कशी उठतेस ते मला दिसत नाही होय?"

तिनं लोकर सोडून कोपऱ्यात भिरकावली आणि माझ्या हातात बादली दिली.

"रिकामीच आहे. ऊठ, बतूल."

मी उठले.