वाकडी मान

लढाई संपल्यावर वर्षभरानं इस्लामपूरजवळच्या एका गावानं मला पुतळ्याचं काम दिलं. मी तेव्हा साताऱ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो आणि सुट्टीत घरामागच्या पत्र्याच्या खोपटात मूर्ती घडवायचो. ब्रह्मदेशात मारल्या गेलेल्या त्यांच्या जवानाचा अर्धपुतळा चावडीसमोर बसवायचा होता. हाताशी फक्त भरतीच्या वेळचा फोटो होता. ताठ मान, रोखलेले डोळे, चेहऱ्यावर काहीच नाही. मीही मातीत तसंच, काहीच नसलेलं तोंड केलं.

मातीला आतून आधार म्हणून तार बांधतात, ती मी घाईत सैल बांधली होती. दोन दिवस वाईला लग्नाला जाऊन आलो, ओली फडकी काढली, तर डोकं उजव्या खांद्याकडे कललेलं. ओठाचा कोपराही त्याबरोबर ओढला गेला होता. माझा मलाच संताप आला. सगळं मोडून पुन्हा करायला बसणार, तेवढ्यात गावचे निवृत्त सुभेदार त्या जवानाच्या आईला घेऊन काम बघायला आले.

म्हातारी पुतळ्याच्या अगदी जवळ गेली. हात पुढं केला, पण मातीला लावला नाही.

"आसाच ऐकायचा त्यो," ती म्हणाली. "डाव्या कानानं कमी यायचं त्येला. भरतीत कुणाला कळू दिलं न्हाई. मास्तर, तुमाला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. तार सरकली, चूक माझी, असं मी खरं तेच सांगितलं. ती म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या सरकलेलीच."

सुभेदारांना ते पटेना. पलटणीतला माणूस मान वाकडी करून उभा राहत नाही, आणि बहिऱ्याला फौजेत घेतलं हे चारचौघांत कळलं तर गावाची शोभा होईल, असं ते तिच्यादेखत बोलले. माझा तोल गेला.

"मरायला तो कान चालला, आणि पुतळ्याला चालत नाही?" मी म्हणालो. आईसमोर हे बोलायला नको होतं, पण बोललो.

मी तीच मान ठेवून प्लॅस्टरमध्ये ओतकाम केलं. पंचांनी ते नाकारलं आणि सांगलीहून एक तयार पुतळा आणला. मान ताठ, शिवाय त्या पोरानं कधी न ठेवलेल्या झुपकेदार मिशा. त्याला हार घातले, भाषणं झाली. आईला पुढच्या रांगेत बसवलं होतं, पण हा तुझा मुलगा वाटतो का, एवढं एकानंही विचारलं नाही. माझा पुतळा मी मोटारीच्या टपावर बांधून तिच्या घरी पोचवला.

तेव्हापासून हातून काही बिघडलं, की मी ते लगेच मोडत नाही. चार दिवस तसंच समोर ठेवतो, बघत बसतो. पण त्या गावचं नाव निघालं की आजही माझं डोकं तापतं, आणि सगळा राग सुभेदारांवरच नसतो. ती माउली तासभर उशिरा आली असती, तर ती मान मीच सरळ करून टाकली असती.