तळघरातली शेगडी

एर्सीलियाच्या घरात दोन स्वयंपाकघरं होती. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात, इटालियन लोकांच्या त्या टेकडीवर सगळ्यांचीच घरं तशी. वरचं चकचकीत, न वापरायचं. खरी चूल तळघरात. आठवडाभर ती कारखान्यात नकली दागिन्यांत काचेचे खडे बसवायची आणि रविवारी पहाटे तळघरात उतरून टोमॅटोची ग्रेव्ही चढवायची. दुपारी सगळं घर खाली जेवायला. नवरा ओरेस्ते गेला, त्याच्या पुढच्या रविवारीही ग्रेव्ही चुकली नाही. फक्त खारट झाली होती. ताटं तरी सगळी पुसून रिकामी झाली.

या वसंतात मात्र ती शेगडीसमोर बसल्या बसल्या झोपली. पातेलं जळलं, जिन्यातून धूर वर आला, शेजाऱ्यांनी बंब बोलावला. लेकीनं, लोरेटानं, तळघराची किल्ली मागितली.

"माझ्याबरोबर शवपेटीत घाला ती," एर्सीलिया म्हणाली.

मग मुलानं, कार्माइननं, रविवारचं टेबल राखून ठेवलं. टेकडीवरच्या सगळ्यात महागड्या हॉटेलात. एर्सीलियानं काळा पोशाख घातला, किल्ली पर्समध्ये टाकली. आज तिथे एक घास खाल्ला की तळघर कायमचं बंद, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"मा, टेबलक्लॉथ बघ, कसा कडक इस्त्रीचा!" कार्माइन म्हणाला.

"तुझ्या बापाला पुरून आल्यावर इथेच जेवलात ना? तेव्हाही असाच होता."

"बरं बाई. काय मागवू तुला?"

"मॅकरोनी विकत घ्यायची? परक्या माणसाच्या हातची? तुझी बायको ठेवते का उपाशी?"

सून हसली. कार्माइननं सगळ्यांसाठी एकच सांगितलं.

ताटल्या आल्या. प्रत्येकाची वेगळी, आणि मॅकरोनीच्या डोक्यावरच मांस. घरी आधी मॅकरोनी व्हायची. मांस मागाहून, मोठ्या थाळीत, तिच्यासमोर. डुकराच्या फासळ्या, खिम्याचे गोळे, दोऱ्यानं बांधलेल्या गुंडाळ्या. कुणाला काय, ते ती ठरवायची. रुसलेल्याला मोठा तुकडा, खोटं बोललेल्याला हाड. घरात कुणाचं काय चाललंय, ते ताटावरून कळायचं.

इथे प्रत्येकाच्या ताटलीत तेच तिन्ही प्रकार, सगळ्यांना सारखे.

"मा, खा ना. गार होतंय."

"कुणी वाढलं हे?"

"म्हणजे? वेटरनं."

"तो कोण माझा?"

कार्माइननं काटा खाली ठेवला. "झालं! आता सगळ्या हॉटेलाला ऐकव."

लोरेटा आईच्या हातांकडे बघत होती. ते मांडीवर पडले होते, काम सुटलेल्या माणसासारखे. तिनं वेटरला हाक मारली. "सगळ्यांचं मांस एका थाळीत घालून आणाल? आणि एक मोठा चमचा."

वेटरनं ताटल्या उचलल्या. तोही याच टेकडीवरचा असावा. त्यानं का म्हणून विचारलं नाही.

मॅकरोनीच्या ताटल्या परत आल्या, आणि मधोमध मांसाची थाळी. एर्सीलिया उभी राहिली. चमचा जड होता. पांढऱ्या कापडावर लाल थेंब पडले, मग एक ओघळ. वेटर पुढे झाला, तसा लोरेटानं हात आडवा केला. पहिली गुंडाळी कार्माइनला. सुनेला फासळी. लोरेटाला खिम्याचे गोळे. तिच्याकडे एकदा नीट बघून आणखी एक. नातवंडांना उरलेलं. थाळी रिकामी झाली. तिच्या ताटात मांसाचा तुकडाही नव्हता. रविवारी नेहमी असंच व्हायचं, आणि ती पावानं पातेलं पुसून घ्यायची. इथे पुसायला पातेलं नव्हतं.

लोरेटानं तिच्या हातातून चमचा घेतला. आपल्या ताटातला एक गोळा उचलून आईला वाढला.

एर्सीलियानं त्या गोळ्याकडे पाहिलं. आजवर तिला कुणी वाढलं नव्हतं. मग बसली. खाल्लं.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

तिनं पर्स उघडून किल्ली काढली आणि लोरेटाच्या ताटाशी, लाल डागाच्या शेजारी, ठेवली.

"पुढच्या रविवारी पेटवायची तू. मी खुर्चीवर बसणार. आणि झोपले तर उठवायचं नाही."

वेटर पावाचे कण गोळा करायला आला. त्यानं सगळं कापड साफ केलं. किल्लीभोवतीची जागा तेवढी तशीच सोडली.