निळ्या कपातली लिंबाची चकती

नंदाताई गेल्याचा भावोजींचा फोन आला तेव्हा मी घोडबंदर रोडवर गाडी घेऊन अडकलो होतो. पुढची वाट मोकळी झाली, मागचे हॉर्न वाजवू लागले, आणि मला गिअर टाकायचं सुचेना... ती माझी मावसबहीण. पण ठाकुर्लीतल्या तिच्या तळमजल्यावरच्या खोलीत दर रविवारी माती मळायला जाता जाता ती मैत्रीण कधी झाली, कळलंच नाही.

तिच्या हातचे कप देखणे असत, पण तपासल्याशिवाय एकही कुणाला मिळत नसे. भट्टीतून निघालेल्या कपात रात्रभर लिंबाची चकती ठेवायची. सकाळी चकतीखालच्या ग्लेझचा, म्हणजे कपावरच्या चकचकीत काचेरी लेपाचा, रंग उतरलेला दिसला की कप बाद. उद्या तोच रंग आमसुलाच्या सारातून पोटात जायचा, म्हणे. बाद कप ती फोडत नसे. चुकूनही कुणी त्यातून पिऊ नये म्हणून बुडाला भोक पाडायची आणि पुदिना लावायची.

मास्कच्या बाबतीतही तशीच हट्टी. स्वतः मात्र सुरुवातीची कितीतरी वर्षं तिने तोंडाला नुसती ओढणी बांधून ग्लेझची कोरडी पूड कालवली होती. फुप्फुसांत धूळ बसलीय हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता. "अरे, कापडातून वस्त्रगाळ पीठ पडतंच की. तशीच पूड आत गेली," ती म्हणाली आणि खोकत हसली. माझ्यासाठी तिने चेहऱ्याला घट्ट बसणारा, फिल्टरचा मास्क आणला. माझ्या लाडक्या दाढीमुळे तो कडेने उघडा राहायचा. "दाढी ठेव, नाहीतर इथे येणं ठेव. दोन्ही जमायचं नाही." मी निमूट दाढी उतरवली. तेव्हा तिचा राग यायचा. आता त्या भांडणांसाठीही जीव तुटतो.

तेराव्यानंतर भावोजींनी खोली उघडून दिली. फळीवर माझ्यासाठी केलेला निळा कप होता, तिच्या हातचा शेवटचा. आत लिंबाची चकती वाळून कडक झालेली. ती उचलायचा धीर होईना... कप तसाच घरी आणून देवाजवळ ठेवला.

परवा उचलली. खाली पांढुरका गोल उमटला होता. तरी एकदा तरी त्यातून चहा प्यावा असं फार वाटलं. आता ओरडायला कोण होतं?

आज सकाळी, ती गेल्यापासून वाढू दिलेली दाढी उतरवली. मास्क लावला, कडा दाबून पाहिल्या आणि पाणी सोडत कपाच्या बुडाला ड्रिल लावलं. आतून गाल भिजत होते, पण मास्क कुठेही सैल पडला नाही.