रूथ आजींसोबत लिंकनचं कॅथीड्रल

इंग्लंडमधल्या लिंकन शहराला जायचं ठरलं ते कुंपणावरच्या गप्पांत. शेजारच्या रूथ आजींना मी सहज म्हटलं, "शनिवार तुमचा विश्रांतीचा, तो सोडून कुठलाही दिवस सांगा, चला आमच्याबरोबर." त्या म्हणाल्या, "लिंकन? आमच्या घरात कुणीच तिथे गेलं नाही कधी. बरं, रविवारी येते."

लंडनमधल्या आमच्या स्टॅनमोरहून ए-वन हायवे धरला की तीनेक तास. कॅथीड्रलचं तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि गाडी वरच कॅसलजवळ लावा. आम्ही हौसेने खाली लावली आणि 'स्टीप हिल' म्हणजे 'खडी टेकडी' नावाचा रस्ता चढलो. नाव अगदी खरं आहे! वाटेत ज्यूंचं म्हणून ओळखलं जाणारं, कित्येक शतकं जुनं दगडी घर लागतं. त्यासमोरच्या बाकावर आम्ही पोळी-भाजी खाल्ली. आजी ज्यू आहेत, कोशर म्हणजे त्यांच्या धर्माचे खाण्याचे नियम पाळतात, त्यामुळे त्यांचा डबा वेगळा. माझ्या लेकीने, इराने मात्र इथला प्लम ब्रेड, म्हणजे मनुके घातलेला गोड पाव, चीजबरोबर फस्त केला.

कॅथीड्रल बघून मान दुखते, इतकं उंच. आत एका कोपऱ्यात लहान मुलाची कबर आहे. तिथल्या वयस्कर गाइडने आजींच्या गळ्यातला सहा टोकांचा तारा पाहिला आणि आवाज खाली आणला.

"साडेसातशेहून जास्त वर्षांपूर्वी हा मुलगा मेलेला सापडला. ज्यूंनी धर्मविधीसाठी मारला, असं आम्ही ख्रिश्चन म्हणालो. ते खोटं होतं. त्यापायी ज्यूंना फाशी दिलं. पुढे सगळ्यांनाच देशाबाहेर काढलं. मुसलमानांविरुद्धच्या युद्धांसाठी माणसं गोळा करणारी प्रवचनंही त्याच काळातली. आणि या मुलाला संत मानून आम्ही इथे शतकानुशतकं गुडघे टेकले."

"मग त्या मुलाला कोण मारला?" इराने तिच्या मराठीत मला विचारलं. मी प्रश्न इंग्रजीत पुढे केला.

"माहीत नाही," गाइड म्हणाले. "तेव्हा खरं शोधायची गरजच कुणाला वाटली नाही."

आजींनी विचारलं, "इथे हिब्रूत दोन ओळी म्हटल्या तर चालेल?"

गाइडनी टोपी काढली आणि ते बाजूला सरकले. आजींनी पुटपुटत प्रार्थना केली. वळून म्हणाल्या, "फाशी गेलेल्यांसाठी म्हटली. आणि या पोरासाठीही. याचं नाव सगळ्यांनी वापरलं, याच्यासाठी कोण रडलं?"

परतताना आजी आणि इरा मागच्या सीटवर एकमेकींना टेकून झोपल्या.

घरी येऊन फोटो चाळतेय. शिखरं, कमानी, सगळं झकास आलंय. पण डोक्यात घोळतोय तो त्या गाइडचा 'आम्ही'. इतक्या जुन्या पापाबद्दल बोलताना 'ते लोक' म्हणून सुटणं किती सोपं होतं! आपल्या माणसांनी केलेलं सांगताना मला तो शब्द जमेल का, ठाऊक नाही.