बायकी बटन

माझ्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्यानं वर्ध्याला बस स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं, तेव्हा मी नुकतीच कॉलेजात जाऊ लागले होते. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमच्या घरात तोवर कुणी दुकान टाकलेलं नव्हतं. पिपरीला आमचं शेत, त्यात वांगी, टमाटे, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. पहाटे तोडायचं आणि बाबांनी सायकलला टोपल्या बांधून बाजारात न्यायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. भाऊजींना मात्र मातीत हात घालायचा नव्हता. त्यांनी नागपूरहून दोन मशिनी आणल्या, उभ्या लाकडी कपाटासारख्या. दाराला जांभळा पडदा लावला आणि वर रंगवून घेतलं, ‘व्हिडिओ गेम’.

दुपारी भाऊजी घरी जेवायला जायचे आणि जेवण झालं की आडवे व्हायचे. तेवढा वेळ गल्ल्यावर बसायला घरचं माणूस हवं होतं. ताईचं मूल अंगावरचं. माझं कॉलेज सकाळचं. म्हणून मी बसू लागले. त्या वेळी दुकानात कुणी येत नसे. शाळा-कॉलेजची पोरं चारनंतर यायची आणि मग भाऊजी आले की मी उठून जायची, त्यामुळे घरातही कुणाची ना नव्हती.

रिकामं बसून कंटाळा येई. एक दिवस मी नाणं टाकलं. आधी पडदा नीट सरकवून घेतला. आपल्याला कुणी पाहील, ही लाज पहिल्या दिवसापासून होतीच. शिवाय माझे हात. टमाट्याच्या झाडात हात घातला की बोटांवर हिरवट काळा डाग बसतो, तो साबणानंही जात नाही. कॉलेजात मी बोटं मुठीत लपवून बसत असे. मशीनवर ती उघडी टाकावी लागत.

त्यातल्या एका मशीनवर पक्ष्यांचा खेळ होता. खाली आपलं एक विमान, वरून पक्ष्यांचे थवे झेप घेत येणार आणि आपण त्यांना गोळ्या घालायच्या. डावीकडे जायला एक बटण, उजवीकडे जायला एक, गोळीला एक. ही तिन्ही दाबून दाबून रंग उडालेली. सगळ्यांत कडेला एक पांढरं बटण होतं, ते मात्र नवंकोरं. त्याच्या भोवतीच्या खाचेत धूळ साचलेली. ते दाबलं की विमानाभोवती एक गोल कडं उमटायचं आणि विमान जागीच खिळून बसायचं. हलता येत नसे, गोळीही सुटत नसे. थोड्या वेळानं कडं विरून जायचं आणि मग लगेच पुन्हा लावता येत नसे. पोरांनी ते एकदा दाबून पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. उभं राहून काय मरायचं, असं त्यांचं म्हणणं.

माझी बोटं सावकाश चालणारी. गोळ्या झाडता झाडता मी लगेच मरायची. असंच मरता मरता एकदा चुकून पांढऱ्या बटणावर बोट पडलं. कडं उमटलं, वरून सरळ अंगावर येणारा पक्षी त्या कड्यावर आपटला आणि तोच फुटला. मी तशीच बघत राहिले. कडं नुसतं वाचवत नव्हतं, ते मारतही होतं. फक्त घाई करायची नाही. लवकर दाबलं तर पक्षी पोचायच्या आत कडं विरतं, उशिरा दाबलं तर आपण गेलो. पक्षी अगदी डोक्यावर येईपर्यंत थांबायचं. थांबणं मला जमत होतं. लहानपणी ज्वारीत पाखरं हाकलायला मीच बसायची.

महिनाभरात माझा आकडा इतका वाढला की पडद्यावर वरती, सगळ्यांत जास्त म्हणून, तोच दिसू लागला. दुकान बंद करताना मशीनची वीज बंद केली की ते आकडे पुसले जात. त्यामुळे रोज सकाळी मशीन कोरी असायची आणि रोज चार वाजता पोरं आली की वर एक मोठा आकडा तयार असायचा.

‘‘कोन आहे हो हा?’’ पोरांनी भाऊजींना विचारलं. ‘‘दुपारी येऊन रोज नंबर करून जाते.’’

भाऊजींना माहीत होतं. मीच सांगितलं होतं. ते आधी हसले होते आणि नंतर विचारात पडले होते. पोरांना त्यांनी सांगितलं, ‘‘नागपूरचा एक जन आहे. रेल्वेत. गाडी बदलासाठी इथं उतरते अन् दुपारी खेळून जाते.’’

तो नागपूरवाला बघता बघता मोठा झाला. तो एका हातानं खेळतो, तो खेळताना बोलत नाही, असं काहीबाही भाऊजी सांगत आणि पोरं त्याचा आकडा मोडायला नाणी ओतत. मी घरी जाताना ते ऐकायची आणि मान खाली घालून चपला घालायची. खोटं ते बोलत होते आणि कान माझे तापत होते. पण थांबा म्हणायचं धाडस नव्हतं. खरं म्हणजे आतून थोडं बरंही वाटायचं.

मग एका दुपारी, कुणीतरी मोठं माणूस वारल्यामुळे, शाळा-कॉलेजं मधेच सुटली. मी खेळत होते. पाठ दाराकडे. पडद्यावर नवा थवा आला आणि मशीनच्या काचेत मला माझ्या मागे डोकी दिसली. चार-पाच पोरं पडदा सारून आत येऊन गप्प उभी होती. बटण दाबायचं राहिलं, पक्षी अंगावर आला, विमान फुटलं. वरचा आकडा तेवढा चमकत राहिला.

‘‘हा आहे काय नागपूरवाला?’’ एकजण म्हणाला आणि सगळे हसले.

तेवढ्यात भाऊजी आले. पोरांनी त्यांना घेरलं. भाऊजी म्हणाले, ‘‘अरे, ते तं मशीन तपासून राह्यली होती.’’ कुणाला पटलं नाही. त्या पोरांत एक उंच, चष्मेवाला मुलगा होता, इंजिनीअरिंगला जायची तयारी करणारा. दुकानात सगळ्यांत चांगला तोच खेळायचा. तो म्हणाला, ‘‘मंग आमच्यासमोर खेळू द्या तिले. माह्यासंगं.’’

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मग पोरांकडे. आता खोटं टिकणार नव्हतं, तर निदान तमाशा तरी होऊ दे, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं. ‘‘खेळ वो,’’ ते म्हणाले. ‘‘दाखव यायले.’’

आधी तो खेळला. त्याची बोटं मला दिसतही नव्हती, इतकी भरभर चालत होती. पोरं ओरडत होती. मग मी उभी राहिले. बोटांवरचे काळे डाग त्या उजेडात आणखीच दिसत होते. मी थांबून थांबून पांढरं बटण दाबू लागले. पहिल्यांदा दाबलं तेव्हा कुणीतरी खिदळलं. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा सगळे. कडं लागलं की विमान मधोमध उभं आणि मीही उभी, हात बटणावर, काही न करता. मागून आवाज यायचे, ‘‘मार ना! मार ना वो!’’ मी मारत नव्हते. पक्षी येऊन आपटत होते. हळूहळू हसणं थांबलं. माझा आकडा त्याच्या पुढे गेला.

तो मुलगा चष्मा पुसत म्हणाला, ‘‘हे खेळनं नाई. हे लपनं आहे.’’

मागून एकानं लगेच जोडलं, ‘‘बायकी बटन आहे ते!’’

मोठा हशा झाला. भाऊजीसुद्धा हसले. मी ओढणी सावरली आणि बाहेर पडले. जिंकून एवढं खजील झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. चोरी करताना पकडल्यासारखं वाटत होतं. पुढे दुकानात त्या बटणाचं तेच नाव पडलं. चुकून कुणाचा हात तिकडे गेला तरी बाकीचे बांगड्या वाजवल्यासारखे हात करून दाखवायचे.

ताईनं घरी बोलावून सुनावलं. ‘‘लोकं काय म्हनतीन? पोट्ट्याईच्या मधात उभी राहून खेळली म्हने तू. तुह्या भाऊजीले तं अक्कल नाई, तुले तरी असावी नाई काय?’’ तरी माणूस दुसरं नव्हतं म्हणून दुपारी बसायला जावंच लागलं. फक्त मी मशीनला हात लावणं सोडलं.

एकदा तो चष्मेवाला मुलगा दुपारीच आला, एकटा. माझ्याकडे न बघता पक्ष्यांच्या मशीनपाशी गेला. थोड्या वेळानं मला दिसलं, तो पांढरं बटण दाबून पाहत होता. लवकर दाबत होता आणि मरत होता. ‘पक्षी डोक्यावर येऊ दे’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. तेवढ्यात बाहेर सायकलींच्या घंट्या वाजल्या, त्याचे मित्र येत होते. त्यानं झटकन हात काढून घेतला आणि जोरजोरात गोळ्या झाडायला लागला. त्याचे कान लाल झाले होते. मी गल्ल्याकडे पाहत बसले. त्याची लाज पाहून मला माझीच पुन्हा आली.

आणि मग बाबा आले.

बाजार आटोपून रिकाम्या टोपल्या सायकलला बांधून ते थेट दुकानासमोर उभे राहिले. दुकान टाकल्यापासून ते एकदाही आत आले नव्हते. पडदा बाजूला केला, डोक्याचा दुपट्टा सोडून हातात घेतला आणि अंधारात डोळे बारीक करून त्यांनी मला शोधलं. बाजारात त्यांच्या कानावर गेलं असणार, हे मी लगेच ओळखलं. भाऊजी नव्हते. तिकडे कोपऱ्यात शाळा बुडवून आलेली दोन पोरं गाडीचा खेळ खेळत होती.

‘‘तू खेळते म्हने हे,’’ बाबा म्हणाले.

मी गल्ल्यातली नाणी नीट लावू लागले.

‘‘कोनतं? हे काय?’’ ते पक्ष्यांच्या मशीनपाशी गेले. पडद्याला हात न लावता बोट दाखवलं. ‘‘खेळून दाखव बरं.’’

त्यांच्या आवाजात राग होता की नाही, ते मला कळलं नाही. मला राग अपेक्षितच होता, म्हणून मला तो ऐकू आला. वाटलं, हे मला उघडं पाडायला आले आहेत. मी चांगली खेळले की म्हणतील, म्हणजे रोजचीच सवय आहे तर. शिवाय ती दोन पोरं मान वळवून बघत होती. मी पांढरं बटण दाबलं असतं तर ती हसली असती, बाबांच्या समोर. ते नाव त्यांच्या समोर कुणी घेतलं असतं तर मी जमिनीत गेले असते.

मी पोरांसारखी खेळले. नुसत्या गोळ्या झाडल्या. विमान फुटलं, दुसरं फुटलं, तिसरंही फुटलं. बाबांना पुरता कळायच्या आत खेळ संपला.

बाबा थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले. ‘‘झालं?’’

‘‘झालं.’’

‘‘एवढंच आहे काय?’’

‘‘एवढंच येते मले,’’ मी म्हणाले.

त्यांनी दुपट्टा पुन्हा डोक्याला गुंडाळला. ‘‘बरं. येजो मंग घरी लवकर,’’ असं म्हणून बाहेर गेले. मला सुटल्यासारखं झालं.

संध्याकाळी चुलीपाशी भाकरी थापता थापता माय म्हणाली, ‘‘तुह्या बाबानं पाह्यलं काय तुहं मशीन? काल बाजारात कोनी तरी बोललं म्हने, तुमची पोरगी पोट्ट्याईत खेळते. तं यायनं त्यालेच सांगतलं, खेळते तं खेळते, माही पोरगी नागपूरवाल्याले हरवते. आज सकाळी मले सांगून गेले, मी आज पाहूनच येतो.’’

मी पिठाचं पातेलं सरकवलं आणि उठून बाहेर गेले. नागपूरवाला कुणी नव्हताच, हे बाबांना माहीत नव्हतं. त्यांनी अर्धीमुर्धी गोष्ट ऐकली होती आणि त्यातली मी तेवढी निवडून घेतली होती. ती बघायला ते पहाटेपासूनच्या थकल्या अंगानं वाकडी वाट करून आले होते.

भाऊजींचं दुकान पुढं फार चाललं नाही. लोक व्हिडिओ कॅसेटी भाड्यानं नेऊ लागले, भाऊजींनीही मशिनी विकून कॅसेटी ठेवल्या. माझं लग्न होऊन मी वडनेरला गेले. माझ्या सासरी कुणाला यातलं काही माहीत नाही. बाबा गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली.

पण ते दुकानात येऊन गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशीची पहाट सांगायची राहिली. आम्ही दोघं वांग्यात होतो. बाबा पुढच्या ओळीत, मी मागच्या. रात्रभर मनात जुळवलेलं वाक्य मी कसंबसं सुरू केलं, ‘‘बाबा, ते मशीन...’’

ते वळले नाहीत. देठापाशी अंगठा लावून वांगं तोडत म्हणाले, ‘‘जाऊ दे वो. नाई जमत तं नाई जमत एखादी गोष्ट. त्यात लाजाचं काय आहे?’’

इतक्या मायेनं ते बोलले की जुळवलेलं वाक्य मी तिथंच सोडलं. ‘‘हो,’’ मी म्हणाले. त्यांनी टोपली पुढे सरकवली, मीही माझी सरकवली, आणि उजाडेपर्यंत आम्ही वांगी तोडत राहिलो.