हात प्लास्टरमध्ये असताना आलेला मेल

गल्लीत सगळे तिला दातवाली म्हणायचे. तिला राग नव्हता. घराच्या मागच्या खोलीत बसून ती कवळ्या बनवायची. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप पाठवायचे, आणि ही त्यावरून बोळकी तोंडं भरून द्यायची. तिची एक खोड होती. वरच्या ओळीतला एखादा दात मुद्दाम केसभर तिरका बसवायची. म्हणायची, "सगळे शहाण्यासारखे एका ओळीत उभे केले ना, की लांबूनच खोटे दिसतात."

काम असं, की हात सदा ओले, पांढरे. म्हणून फोन सासूबाईंच्या मांडीवर. काही आलं की त्या चष्मा सावरून मोठ्याने वाचायच्या, ही आतून सांगायची, त्या बटण दाबायच्या. पासवर्डसुद्धा ओरडूनच. घरातल्या घरात काय लपवायचं?

त्या दिवशी मात्र सगळा जीव त्या फोनमध्येच होता. दात भाजायची जुनी भट्टी कायमची बसली होती. दोन महिने निम्मं काम परत जात होतं. नव्या भट्टीचे पैसे डॉक्टरांकडून थोडे थोडे येऊन फोनवरच्या पैशांच्या अ‍ॅपमधल्या खात्यात जमले होते. भट्टीवाल्याने बजावलं होतं, चारपर्यंत पैसे पाठवा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

तीन वाजले. तिने नुकतंच प्लास्टर कालवून साच्यात ओतायला घेतलं होतं. प्लास्टर काही थांबत नाही हो, पाच-सात मिनिटांत दगड होतं. तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"अगं, मेल आलाय! पैसेवाल्यांचा!"

"काय म्हणतात, आई?"

"आदरणीय ग्राहक, तुमच्या खात्यात संशयास्पद व्यवहार आढळला आहे. अर्ध्या तासात खात्री केली नाही, तर खातं बंद होईल आणि रक्कम अडकेल."

नेमकं आजच!

"नीट बघा हो. त्यांचाच आहे ना?"

"त्यांचाच की! तेच निळं चित्र, तोच रंग. अगदी चकचकीत. खाली बटण आहे, खात्री करा म्हणून. दाबू?"

हात मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये. साचा सोडला तर बुडबुडे धरणार, माप वाया जाणार.

"दाबा!"

सासूबाईंनी दाबलं. "पासवर्ड मागतंय गं."

तिने ओरडून सांगितला. त्यांनी एकेक अक्षर टिपून घातला. घड्याळाकडे बघावं, तर काचेवर प्लास्टरचा शिंतोडा.

"गेलं पुढे. आता सहा आकडे मागतंय. थांब, मेसेज आलाच बघ. टाकते, चार..."

"आधी सगळा मेसेज वाचा."

"वेळ कुठाय बाई? तूच घाई करतेस आणि तूच..."

"वाचा हो, आई!"

"नवीन फोनवर तुमचं खातं उघडण्यासाठी हे आकडे वापरा. कोणालाही सांगू नका."

तिचे हात जागच्या जागी थांबले.

"नवीन फोन? आपला तर तोच जुना आहे. मग नवीन फोन कुणाचा?"

सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, मी दोन आकडे टाकलेत."

"हात वर करा! फोन ठेवा खाली!"

ती उठली तशी साचा आडवा झाला. पांढऱ्या हातांनी धावत बाहेर आली. सासूबाई दोन्ही हात वर करून बसल्या होत्या, पोलिसाने धरल्यासारख्या. तिने मेलचं पान बंद केलं. मेलमधलं काही न दाबता ते नेहमीचं अ‍ॅप स्वतः उघडलं. फोनवर पांढरी बोटं उठत होती. आधी पासवर्ड बदलला. मग अ‍ॅपमध्ये दिलेल्या नंबरावर फोन लावला, मेलमधल्या नाही. पलीकडच्या बाईने तपासलं.

"पैसे जागेवर आहेत. सगळे आकडे टाकले असते, तर पैसेही गेले असते."

दातवालीने मग तो मेल पुन्हा काढला. वर पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं, तर खाली कुठलातरी भलताच पत्ता, नुसता अक्षरांचा गुंता. आणि खरे पैसेवाले कायम तिच्या नावाने लिहायचे, आदरणीय ग्राहक म्हणून कधीच नाही.

"एवढा नीटनेटका होता, आई. तिथंच कळायला हवं होतं मला. माझाच धंदा तो!"

चारला दहा कमी असताना भट्टीवाल्याला पैसे गेले. या वेळी हात धुऊन, तिच्याच बोटांनी.

साच्याचा मात्र दगड झाला होता. ज्या आजोबांचं माप होतं, त्यांना पुन्हा बोलवावं लागलं. ते फोनवर म्हणाले, "पुन्हा आ करू? आता लापशीवर अजून आठवडा काढायचा म्हण की!" तिने माफी मागितली आणि त्यांच्या कवळीचे दात नव्या भट्टीत सगळ्यांच्या आधी घातले.

फोन आजही सासूबाईंच्याच मांडीवर असतो. काही आलं तर वाचतात, पण आतून "दाबा" असं ऐकू आलं, की तिथूनच म्हणतात, "आधी हात धू, मग ये. तोवर मी काही दाबत नाही. घाई असेल तर ती पाठवणाऱ्याला असेल."