जास्तीत जास्त पाच हजार

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके धुंडाळले तरी माझ्या मेहुण्याइतका शांत माणूस सापडणार नाही, आणि त्याच्याइतका संताप आणणाराही. तो खुटबावला घरी बसून जगभरातल्या अनोळखी लोकांसाठी फुकट सॉफ्टवेअर लिहितो. खात्री केल्याशिवाय काहीही पुढे सोडायचं नाही, हा त्याचा स्वभाव. आमच्या वास्तुशांतीला त्याच्या हाती भात दिला, तर हा प्रत्येकाला "किती वाढू?" विचारून उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबायचा. शेवटची पंगत पानातल्या मिठाकडे बघत बसली होती.

कारेगावात माझा पत्र्याच्या ब्रॅकेटांचा कारखाना आहे. माल घेणाऱ्या कंपनीला प्रत्येक नगाची नोंद एक्सएमएल फाइलमध्ये, म्हणजे संगणकाला वाचता येईल अशा ठरावीक साच्यात लागते. ती फाइल नियमांत बसते का, हे मेहुण्याचंच सॉफ्टवेअर तपासतं. नियम मी स्वतः कारखान्यातल्या पोराला सांगून लिहून घेतलेत. एके दिवशी त्यात एक नवा नियम घातला, आणि ते तपासतच राहिलं. गाडी भरून उभी, कंपनीचं गेट पाचला बंद होणार, आणि आणखी एकदा उशीर झाला तर काम दुसऱ्याला देऊ, असं त्यांनी बजावलेलं. मेहुणा बहिणीकडे, म्हणजे आमच्याच घरी आला होता. त्याला ओढूनच आणला.

"पाव्हणं, ती तपासणी बंद करा आन् द्या धाडून!"

"न्हाई जमायचं, दाजी. न बघता बरोबर हाय कसं म्हनू?" त्याने सावकाश नियम वाचले. "तुमी 'जास्तीत जास्त पाच हजार नग' लिवलंय. त्ये बिचारं आधी नगागणिक एक अशी पाच हजार रिकामी खानी मांडतंय, मंग तपासतंय. 'कितीही' लिवा, चटदिशी व्हईल."

"कितीही? उभ्या जन्मात मी कुठल्या कागदावर 'कितीही' लिहून दिलेलं न्हाई!"

"गेट बंद व्हईल."

"होऊ दे!"

तो रागावला नाही. "मंग चूक माझ्याच सॉफ्टवेअरची," म्हणाला. "मोजायला खानी कशाला? नग मोजत जायचं, पाच हजारांच्या म्होरं गेलं की अडवायचं." तो टाइप करत बसला, मी त्याच्या डोक्यावर ओरडत राहिलो. फाइल पास झाली आणि पाचला चार मिनिटं असताना गाडी गेटात शिरली.

पुढच्या आठवड्यात त्याने फोन दाखवला. सॉफ्टवेअरच्या, सगळ्या जगाला दिसणाऱ्या दुरुस्तीच्या नोंदीत, दोष कुणी दाखवला त्यापुढे, माझं पूर्ण नाव होतं.

"मी कुठं दाखवला? मी शिव्या घातल्या."

"त्यातच घावला की, दाजी. नाव लिवायची रीत हाय आमच्यात."

खाली कुठल्याशा देशातल्या माणसाने, त्याचीही फाइल आता अडत नाही म्हणून, मला धन्यवाद लिहिले होते. माझ्या ब्रॅकेटांवर इतकी वर्षं कंपनीचंच नाव ठोकलं जात आलंय.

फोन परत द्यायला मला जरा वेळ लागला.